अण्णांचं चालतंय

माझ्या वडिलांना, म्हणजे केदारखेड्याच्या तातेराव टेलरना, कुणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच यायचं. तब्येत कशी आहे? चालतंय. धंदा? चालतंय. भाजीत मीठ कमी पडलंय का? चालतंय. माझ्या लग्नात निघताना मी त्यांच्या गळ्यात पडून विचारलं, "अण्णा, करमेल का हो तुम्हाला माझ्याशिवाय?" मी एकुलती एक मुलगी. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "चालतंय की, माय." मला इतका राग आला की गाडीत बसेपर्यंत मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

ज्या माणसाला जन्मात धड चालता आलं नाही त्याच्या तोंडी नेमका हाच शब्द असावा, यावर माझी माय गिरिजाबाई फार हसायची. म्हणायची, "यांचं सगळं चालतंय, पाय सोडून."

अण्णा तीन वर्षांचे असताना ताप आला आणि डाव्या पायावरून वारं गेलं. पोलिओ हा शब्द आमच्या घरात पुष्कळ उशिरा आला. पाय वाळत गेला. मग त्यांनी स्वतःचं स्वतः एक चालणं काढलं. डावा हात डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, दाबून धरायचा. त्या हाताच्या जोरावर पाय टेकवायचा, कंबरेत वाकायचं आणि उजवा पाय पुढं टाकायचा. परत हात दाबायचा, परत वाकायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळे बाप असेच चालतात. घर-घर खेळताना माझ्यावर बाप व्हायची पाळी आली की मी मांडीवर हात ठेवून चालायचे, आणि बाकीच्या पोरी का हसतात ते मला कळायचं नाही.

त्यांचं दुकान फाट्यावर, भोकरदनच्या रस्त्याला, रखमाजींच्या चहाच्या टपरीला लागून. पत्र्याची एक खोली, एक पायाचं मशीन, कापड बेतायचं एक टेबल. पायडल उजव्या पायानं मारायचं. शाळेचे गणवेश, बायकांचे ब्लाउज, म्हाताऱ्यांच्या बंड्या, आणि एप्रिल आला की आमच्या वस्तीतले जयंतीचे पांढरे शर्ट. आख्खी मिरवणूक अण्णांच्या हातच्या शर्टांत निघायची, आणि अण्णा तिच्यात मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत असायचे. कुणी गाडीवर बसा म्हटलं तर उत्तर ठरलेलं.

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यावरच सगळं येऊन थांबतं. हात रोज एकाच जागी घासून अण्णांच्या पँटी डाव्या मांडीवर विरायच्या. म्हणून ते स्वतःची पँट शिवतानाच तिथं आतून अस्तर लावायचे, गणवेशातून उरलेल्या खाकीचा चौकोनी तुकडा. बाहेरून टाका दिसू द्यायचे नाहीत. गावात ते कुणाला ठाऊकही नव्हतं. माय म्हणायची, "लोकाच्या पँटीला खिसे असत्यात. यांच्या पँटीला हाताचं घर आहे."

पाच-सहा वर्षांपूर्वी उजवा गुडघा बोलायला लागला. त्या बिचाऱ्या पायानं चालण्याचाही भार उचलला होता आणि मशीनचाही. आधी काठी आली. मग वस्तीतून फाट्यावर जाताना शाळेच्या भिंतीला टेकून थांबणं आलं. मग पडणं. एकदा पुलावर पडले आणि तिथंच बसून राहिले, कुणी हात दिला तर "चालतंय, तुम्ही व्हा पुढं" म्हणत. काही दिवस ते अर्ध्या वाटेवरून परत यायचे आणि मायला सांगायचे की आज गिऱ्हाईक नव्हतं.

रखमाजींनी मला अंबडला फोन केला. मी तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. म्हणाले, "प्रीतीताई, टेलरचं दुकान आठ दिवसात दोनदा बी उघडून न्हाई राह्यलं. लोकं कापड वापस घेऊन जायलेत. मी सांगितलं म्हनून सांगू नका."

मी सुट्टीत गेले. मशीन घरीच आणू, असं मायचं म्हणणं. अण्णा ऐकेनात. "घरात बसून शिवलं की त्यो टेलर न्हाई राहत, बाई. त्यो घरातला म्हातारा होतो. मला दुकानापोतर जाऊ द्या, पुढचं माझं मी बघतो. तिथं गेलो की मी बराबर असतो." हे खरं होतं. दारातून मशीनपर्यंत दोन-चार पावलं, ती ते टेबलाला धरून टाकायचे, आणि एकदा पायडलवर पाय पडला की त्या माणसाला काही झालंय असं कुणाला वाटलं नसतं.

म्हणजे प्रश्न फक्त वस्ती ते फाटा एवढाच होता. त्यावर उपाय होता, बॅटरीची तीनचाकी. सरकार देतं. पण त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र हवं आणि त्यावर निदान चाळीस टक्के हवेत. साठीला आलेल्या या माणसानं आजवर असला कागद कधी मागितलाच नव्हता. का, ते सांगायला नको.

माझ्या शाळेत परीक्षा होत्या, म्हणून मायच घेऊन गेली त्यांना डॉक्टरांच्या बोर्डापुढं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, लिहून काय होणार आहे. पुढचं सगळं मला मायनं सांगितलं, आणि ऐकताना मी तीनदा उठून पाणी पिऊन आले.

अण्णा नवी पँट घालून गेले, कडक इस्त्रीची. मोठ्या माणसांपुढं जायचं म्हणून दाढी करून गेले. आत बोलावलं तेव्हा त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या आणि चपलांशेजारी काठीही भिंतीला टेकवून ठेवली. माय म्हणाली, "आवं, काठी तर घ्या." तर म्हणाले, "साहेबापुढं काठी घेऊन जायचं? भांडाया आलोत का?" आमच्याकडं ही रीतच आहे. कुणाच्या घरात काठी घेऊन शिरत नाहीत, ती उंबऱ्याबाहेर राहते. माझे आजोबा पाटलाच्या दारात बाहेरच उभे राहायचे, आत जायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या मुलाला खुर्ची असलेल्या खोलीत नावानं बोलावलं, तर तो काठी घेऊन कसा जाईल?

दारापासून टेबलापर्यंत अण्णा काठीशिवाय गेले. मांडीवर हात होता, पण तो हात कुणी पाहावा? बाहेर ही गर्दी, टेबलावर कागदांची चळत. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "काय बाबा, चालतंय का?"

आता या प्रश्नाचे मराठीत दोन अर्थ होतात, हे माझ्या चौथीतल्या पोरांना कळतं. कधी नव्हे ते एवढ्या मोठ्या माणसानं आपली खुशाली विचारली, म्हणून अण्णांना भरून आलं. ते म्हणाले, "चालतंय, साहेब."

पाय पाहिला, मोजला, झालं. प्रमाणपत्र आलं ते तीस टक्क्यांचं. शेरा होता, आधाराशिवाय चालू शकतात.

मी तो कागद वाचला आणि पहिल्यांदा अण्णांवरच ओरडले.

"अण्णा, तुम्ही त्यांना चालतंय म्हणालात?"

"मंग काय म्हनू? इतक्या मायेनं इचारलं त्यानं."

"त्यांनी पायाचं विचारलं होतं!"

त्यांच्या ध्यानात आलं. मग हळूच म्हणाले, "पर खोटं कुठं लिव्हलं त्यानं? मी चाललोच की तेवढं."

अपील करायला ते तयार नव्हते. लोक काय म्हणतील, टेलर सरकारशी भांडून राह्यला म्हणतील. मी म्हटलं, भांडणार मी आहे, तुम्ही नुसते सोबत या. आणि मी भांडले. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगमध्ये, आज या, उद्या या. एका कारकुनानं विचारलं, "बाई, तुमचे वडील चालतात, मग तुमचा त्रास काय?" त्याला मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझा नवरा म्हणतो, त्या वर्षी मी झोपेतही अर्ज करत होते. शेवटी वरच्या बोर्डापुढं फेरतपासणीची तारीख मिळाली.

तारखेच्या आधीच्या रविवारी मी केदारखेड्याला जाऊन अण्णांची तयारी करून घेतली. वर्गात घेते तशी. अंगणात खुर्ची टाकली, मी डॉक्टर झाले.

"बाबा, चालता येतं का?"

"तसं येतंय, पर..."

"अण्णा! तसं नाही, पर नाही. चालता येत नाही, असं म्हणायचं."

"बरं."

"चालता येतं का?"

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि हसायला लागले. मायही हसली. म्हणाली, "चाळीस वरसं मला बी हेच आईकवलंय. दवाखान्यात तुझ्या टायमाला मी कळा देऊन राह्यले, आन हे बाहेरून इचारतेत, चालतंय का." आम्ही तिघं त्या दिवशी फार हसलो. जरा वेळानं मी परत विचारलं, तेव्हा ते जमिनीकडं बघत म्हणाले, "न्हाई." मी शाबास म्हटलं. माझ्या बापाला मी शाबास म्हटलं.

बोर्डाच्या दिवशी त्यांनी मी सांगितलेलं सगळं केलं. जुनी पँट घातली, काठी हातात ठेवली. दाराशी आल्यावर सवयीनं ती भिंतीला टेकवायला गेले, मी नुसतं पाहिलं, त्यांनी परत उचलली.

आत एक तरुण डॉक्टरबाई होत्या. खोटं कशाला बोलू, इतकी चांगली वागणूक मला कुठल्याच कचेरीत मिळाली नव्हती. त्यांनी अण्णांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, पहिला कागद वाचला आणि म्हणाल्या, "काका, घाई नाही. मी सांगते तसं करा." पाय तपासताना त्यांची बोटं पँटीवर थांबली. "इथं हे जाड काय लागतंय?"

"अस्तर आहे, म्याडम. हात घासून कापड फाटतं."

त्यांनी पँट आतून उलटून तो खाकी चौकोन पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "आता काठी बाजूला ठेवा, आणि मांडीवर हात न लावता दोन पावलं टाका बरं."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. तीन वर्षांचे असल्यापासून तो हात चालताना कधी सुटला नव्हता. त्यांनी तो उचलला. नक्की कुठं ठेवायचा ते त्यांना कळेना, हवेतच धरला. डावा पाय पुढं सरकवला आणि ते खाली बसले. पडले असं म्हणत नाही, कारण बाईंनी आणि मी दोन्हीकडून धरलं होतं. पण बसले ते तसेच, फरशीवर.

"मला चालता येत न्हाई," ते म्हणाले.

मी शिकवलं होतं तसं नाही म्हणाले. नुकतंच समजलेलं काही सांगावं, तसं म्हणाले.

पुढं प्रश्न होते. जिना चढता येतो का? न्हाई. उकिडवं बसता येतं का? न्हाई. बसमध्ये एकट्यानं चढता का? न्हाई. एकेक न्हाई ऐकताना माय आधी खिडकीतून बाहेर पाहत राहिली, मग उठून बाहेर गेली. शेवटी बाईंनी विचारलं, "काम काय करता, काका?"

ते पुन्हा माझ्याकडं बघायला लागले. चुकतंय का, असं विचारत असल्यासारखे. मग म्हणाले, "कायबी न्हाई."

हे मी शिकवलं नव्हतं. टेलर आहे म्हणाले असते तरी चाललं असतं. मी मध्ये बोलायला हवं होतं की काय, कुणास ठाऊक. बाईंनी ते लिहून घेतलं.

आम्ही जिंकलो. साठ टक्के, कायमचं. शेरा होता, आधाराशिवाय बिलकुल चालता येत नाही. व्हरांड्यात मी मायला मिठी मारली, नवऱ्याला फोन केला, रखमाजींना फोन केला. त्या एका शेऱ्यासाठी मी वर्षभर लोकांशी तोंड वाजवलं होतं, मला आनंद झाला, झालाच. अण्णा बाकावर बसले होते. चला म्हटलं तर म्हणाले, "धर जरा." मी त्यांना पहिल्यांदा धरून नेलं. गाडीपर्यंत त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर होता.

त्या दिवसानंतर तो हात मांडीवर परत गेला नाही.

मला वाटलं, दमलेत, होतील ठीक. पण ते उठेचनात. सकाळी पलंगाच्या कडेला बसायचे ते तिथंच. मोरीपर्यंत माय न्यायची. ती चिडून म्हणाली, "आवं, कालपोतर तर जात व्हते." तर शांतपणे म्हणाले, "सरकारनं लिहून देलं ना, गिरजा. बिलकुल येत न्हाई म्हनून." यात टोमणा नव्हता, रुसवाही नव्हता. टोमणा मारला असता तर मी भांडले असते. त्यांनी ते मानलं होतं.

तीनचाकी आली. निळी, छान, हॉर्न असलेली. रखमाजी स्वतः वस्तीत आले, गाडीला हार घातला, म्हणाले, "चला टेलर, मी मागून चालतो, दुकानाचं कुलूप मी काढतो." अण्णा गाडीकडं बघत राहिले. म्हणाले, "ही फाट्यापोतर नेईल, रखमाजी. हिच्यावरून मशीनवर कोन नेईल?"

दारातून मशीनपर्यंत दोन-चार पावलं. टेबलाला धरून.

मी चूक केली असं मला वाटत नाही. परत वेळ आली तर परत भांडेन. तो पहिला कागद खोटा होता आणि दुसरा खरा आहे. पण माझा बाप पायावर कधी चाललाच नव्हता. तो एका हातावर आणि एका शब्दावर चालत होता, आणि त्याच्या हक्काचं मिळवण्यासाठी आम्ही ती दोन्ही त्याच्याकडून काढून घेतली. यात दोष कुणाला द्यायचा ते मला अजून सापडत नाही. सापडला असता तर बरं झालं असतं, मला राग तरी नीट करता आला असता.

यंदा जयंतीला मी केदारखेड्याला गेले. वस्तीतल्या पोरांनी पांढरे शर्ट भोकरदनहून तयार आणले होते. गाडी अंगणात उभी होती, तिच्या सीटवर मायनं मिरच्या वाळत घातल्या होत्या. मिरवणूक दारावरून गेली. अण्णा उंबऱ्याशी खुर्चीवर बसले होते, त्यांनी हात जोडून जय भीम केला. पोरांच्या मागून येणारे रखमाजी जुन्या सवयीनं ओरडले, "काय टेलर, चालतंय का?"

"न्हाई, रखमाजी," अण्णा म्हणाले.

ढोल पुढं गेले. मी आत येऊन त्यांचे कपडे घडी करायला घेतले, नुसतं काहीतरी करायचं म्हणून. पहिली पँट हातात घेतली तर डावी मांडी हलकी लागली. आतून पाहिलं. अस्तर नव्हतं. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या पँटींची अस्तरं ब्लेडनं उसवून काढलेली होती, सफाईनं, कुठं एक धागा न ओढता. टाक्यांच्या बारीक भोकांचा चौकोन तेवढा राहिला होता. खाकी तुकडे मायनं गोधडीसाठी बोचक्यात बांधून ठेवले होते.

मी पँट घेऊन बाहेर आले. "अण्णा, हे का उसवलं?"

"हात ठिवायचा न्हाई, मंग दुहेरी कापड कशाला वाया घालवायचं?"

मी त्यांच्या पायाशी बसले. पँट त्यांच्या मांडीवर ठेवून म्हटलं, "परत लावून द्या ना. एका तरी पँटीला. माझ्यासाठी."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोच डावा हात.

"मशीन दुकानात आहे, माय," ते म्हणाले. "आन दुकान लांब आहे."